झोपेचा हिशेब

स्कायलॅब पडायची रात्र मला आठवते. ११ जुलै १९७९. अमेरिकेची सुमारे सत्त्याहत्तर टनांची अंतराळ प्रयोगशाळा पृथ्वीवर कोसळणार होती, आणि ती नेमकी कुठे पडेल हे तिच्या मालकांनाही सांगता येत नव्हतं. रेडिओने ही बातमी गावोगाव पोचवली होती. नांदगाव पेठेतल्या आमच्या गल्लीत त्या रात्री कुणी लवकर निजलं नाही. कुणी देवासमोर दिवा लावून बसलं होतं, कुणी पोरांना घेऊन ओसरीवर. आम्हा मुलांना भीती कमी आणि मजा जास्त वाटत होती. ढगाळलेल्या आभाळात आम्ही आग शोधत होतो.

घरात एकच माणूस झोपलेला होता. माझा मामा. तो रेल्वेत फायरमन होता, बडनेऱ्याला राहायचा, आणि त्या दिवशी लाइनवरून उतरून एसटीने आमच्याकडे आला होता. जेवला आणि बाजेवर आडवा झाला. आई त्याला हलवत म्हणाली, "अरे ऊठ नं बाप्पा, आभायातून काय तं पडून रायलं म्हणते." मामाने डोळे न उघडता उत्तर दिलं, "पडू दे बाई. मले झोपू दे."

स्कायलॅब आपल्याकडच्या रात्री दहाच्या सुमारास पडली. तिचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एस्परन्स गावाच्या आसपास विखुरले. नांदगाव पेठेत दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा पाऊस पडला. मामाचं ते वाक्य मात्र आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं चेष्टेचा विषय होऊन राहिलं. एवढं जग बुडायला निघालं होतं आणि हा गडी घोरत होता!

त्या चेष्टेत काहीतरी चुकतंय, हे मला फार उशिरा कळलं. स्कायलॅबचा इतिहास वाचत असताना १९७३ सालच्या डिसेंबरातल्या एका भांडणाशी मी थांबलो. आभाळातल्या त्या यानातली तीन माणसं तेव्हा कामाच्या तासांवरून जमिनीवरच्या साहेबांशी वाद घालत होती. आणि त्याच वर्षी, त्याच प्रश्नावरून, मामा आणि त्याच्यासारखी इंजिनावरची हजारो माणसं भारतात वाद घालत होती. त्या रात्री मामाच्या डोक्यावरून जे कोसळत होतं, त्याचं आणि मामाच्या झोपेचं असं जुनं नातं होतं.

*

स्कायलॅबवर तीन तुकड्या राहून गेल्या. तिसरी आणि शेवटची तुकडी १६ नोव्हेंबर १९७३ ला निघाली. जेराल्ड कार, एडवर्ड गिब्सन आणि विल्यम पोग. तिघांचीही ही पहिलीच अंतराळयात्रा. मुक्काम ८४ दिवसांचा, तोवर कुठल्याही माणसाने केलेला नव्हता इतका लांब.

आधीच्या तुकडीने ५९ दिवसांत ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त काम उरकलं होतं. जमिनीवरच्या नियोजकांनी तोच वेग नव्या तुकडीसाठी गृहीत धरला. आधीची माणसं तो वेग हळूहळू गाठत गेली होती, याचा कुणाला विसर पडला. रोज सकाळी टेलिप्रिंटरवरून दिवसभराच्या सूचनांच्या लांबच लांब पट्ट्या निघायच्या. कोणी किती वाजता कोणती दुर्बीण रोखायची, कधी व्यायाम करायचा, कधी जेवायचं, हे सगळं मिनिटामिनिटाने आखलेलं. एक काम दहा मिनिटं लांबलं की पुढची सगळी कामं घसरत जायची, आणि घसरत घसरत जेवणावर, सुट्टीच्या दिवसावर, शेवटी झोपेआधीच्या वेळेवर येऊन आदळायची. दिवसाला सोळा सोळा तास काम होत होतं. सुट्टीच्या दिवशीही ते मागे राहिलेलं काम भरून काढत होते.

यान पृथ्वीभोवती एक फेरी सुमारे ९३ मिनिटांत घालत होतं. म्हणजे दीड तासाला एक दिवस आणि एक रात्र. बाहेर बघून रात्र झाली असं म्हणावं तर ती पाऊण तासात सरायची. शरीराला निजायची वेळ सांगणारं तिथे काहीच नव्हतं, घड्याळ सोडून. आणि घड्याळ जमिनीवरच्यांच्या हातात होतं.

पहिल्याच दिवशी पोगला उलटी झाली. तिघांनी आपसात ठरवलं की हे खाली कळवायचं नाही. पण यानातलं ध्वनिमुद्रण चालू होतं, ते खाली ऐकलं गेलं आणि तिघांना ताकीद मिळाली. मला ही गोष्ट पुढच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटते. नव्या जागेत, नव्या कामावर आलेला माणूस पहिल्यांदा काय लपवतो? आपण थकलोय, आपल्याला झेपत नाहीये, हे. रात्रपाळीला नव्याने लागलेल्या कुणालाही विचारा.

दीड महिना असाच गेला. चुका वाढल्या, चिडचिड वाढली. खालून घाई, वरून धुसफुस. अखेर ३० डिसेंबरला रेडिओवर दोन्ही बाजूंचं मोकळं बोलणं झालं. वरच्यांनी सांगितलं, आम्हाला विसाव्याला वेळ नाही, जेवल्यावर लगेच व्यायाम लावू नका, निजण्याआधीचा वेळ आमचा आम्हाला द्या. खालच्यांनी ते मानलं. रात्रीच्या जेवणानंतरचा वेळ मोकळा ठेवला गेला. नेहमीच्या किरकोळ कामांची फक्त यादी द्यायची आणि ती कधी करायची ते वरच्यांनी ठरवायचं, असं ठरलं. त्यानंतर काम वाढलं. मोहीम संपेपर्यंत मागे पडलेलं सगळं भरून निघालं.

पुढे या घटनेला 'अंतराळातला संप' असं नाव पडलं. तिघांनी एक दिवस रेडिओ बंद करून काम थांबवलं, अशी आख्यायिका झाली. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत १९८० साली तिच्यावर अभ्यासासाठी एक प्रकरणही लिहिलं गेलं. तिघांपैकी जे पुढे याबद्दल बोलले त्यांनी संप झालाच नव्हता असं सांगितलं. रेडिओ कुणी सांभाळायचा याचा गोंधळ होऊन एका फेरीपुरता संपर्क तुटला होता, एवढंच. पण ही आख्यायिका का चिकटली, हे मला समजतं. थकलेल्या माणसाने 'थांबा' म्हटलं की ऐकणाऱ्याला त्यात संपच ऐकू येतो.

एक तपशील मात्र मला त्या भांडणापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. स्कायलॅबच्या प्रत्येक तुकडीत एका माणसाची झोप मोजली जात होती. शेवटच्या तुकडीत तो माणूस गिब्सन होता. निजताना तो डोक्याला इलेक्ट्रोडची टोपी घालायचा आणि मेंदूतल्या लहरींवरून त्याला किती वेळ आणि कशी झोप लागली याची नोंद व्हायची. माणसाची झोप हाही मोहिमेच्या हिशेबातला आकडा आहे, हे तिथे निदान तत्त्वतः तरी मान्य होतं.

*

मामाच्या झोपेची नोंद कुठेच नव्हती. नोंद होती ती उठवल्याची.

रेल्वेत तेव्हा कॉलबुक नावाची वही असायची. गाडी सुटायच्या काही वेळ आधी, रात्रीचे दोन असोत की पहाटेचे चार, कॉलवाला कंदील घेऊन दारात यायचा, कडी वाजवायचा आणि वहीवर सही घ्यायचा. सही झाली की माणूस जागा झाला, असा रेल्वेचा हिशेब. त्याआधी तो किती वेळ झोपला होता यासाठी वहीत रकाना नव्हता. आजोळी गेलो की मी ती कडी ऐकत असे. मामी उठून चहा ठेवायची आणि मामा आपली पत्र्याची पेटी उघडून कंदील, डबा, कपडे तपासायचा.

वाफेच्या मालगाडीच्या इंजिनावरही तीनच माणसं असत. ड्रायव्हर आणि दोन फायरमन. समोर धगधगती भट्टी, पाठीमागे कोळशाचा ढीग, बाजूने वारा. एका फेरीत फावड्याने टनांनी कोळसा आत टाकायचा. बडनेऱ्याहून भुसावळकडे जाताना कुरूम, माना, मूर्तिजापूर, अकोला. अंतर तसं फार नाही. पण मालगाडीचं नशीब पॅसेंजर आणि मेल गाड्यांच्या पायाशी बांधलेलं. मेल येतेय, मालगाडी लूप लाइनला घ्या. मेल गेली, आता मागून एक्स्प्रेस येतेय, थांबा. एखाद्या लहानशा स्टेशनात ती तीन माणसं चार चार, सहा सहा तास अडकून पडत. इंजिन सोडून जाता येत नाही, कारण वाफ धरून ठेवायची असते. निजता येत नाही, कारण सिग्नल कधी पडेल याचा नेम नाही. मामा म्हणायचा, "गाडी उभी राह्यली म्हणजे आपण बसलो असं नाई."

हे वाक्य म्हणजे भारतीय रेल्वेच्या कामाच्या तासांचा सगळा वाद आहे. थांबणं हे काम की विश्रांती? १९४६ साली सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांना रेल्वे कामगारांच्या तासांबद्दल निवाडा द्यायला नेमलं. १९४७ च्या त्यांच्या निवाड्याने कामाचे प्रकार पाडले. अतिश्रमाच्या कामाला आठवड्याला ४५ तास, सलग कामाला ५४ आणि मुख्यतः थांबून थांबून करायच्या कामाला ७५. आधीच्या मानाने ही मोठी सुधारणा होती. पण हे आकडे सरासरीचे होते. आठवड्याची सरासरी जुळली की एखादी फेरी चौदा-सोळा तासांची झाली तरी कागदावर सगळं ठीकच दिसायचं. थकवा सरासरीने येत नाही. तो एका विशिष्ट रात्री, एका विशिष्ट सिग्नलपाशी येतो.

मामाने एकदा मला त्या सिग्नलबद्दल सांगितलं. तेव्हा तो निवृत्त झाला होता. पहाटेची वेळ, सोळावा तास. "सिग्नल पाह्यला, हे आठवे. काय पाह्यलं, थे नाई आठवे." ड्रायव्हरने त्याला विचारलं तेव्हा तो गप्प राहिला. मग ड्रायव्हरच म्हणाला की त्यालाही आठवत नाही. दोघांनी गाडी हळू केली आणि पुढचा सिग्नल दिसेपर्यंत दोघंही मोठमोठ्याने हरिपाठ म्हणत राहिले. त्या रात्री काहीच झालं नाही. म्हणून ती रात्र कुठल्याही नोंदीत नाही.

इंजिनावरच्या कामगारांनी १९७० च्या सुमारास आपली वेगळी संघटना बांधली. मोठ्या मान्यताप्राप्त संघटनांना आपला प्रश्न समजत नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९७३ च्या मे महिन्यात आणि पुन्हा ऑगस्टमध्ये त्यांनी काम थांबवलं. गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ऑगस्टमध्ये रेल्वेमंत्री ललितनारायण मिश्र यांनी सही करून कामावर चढल्यापासून सही करून उतरेपर्यंत दहा तास, ही मर्यादा मान्य केली. 'चढल्यापासून उतरेपर्यंत' या शब्दांत सगळा विजय होता. लूप लाइनवरचे तास आता कामाचे तास झाले. थांबणं म्हणजे विश्रांती नव्हे, हे सरकारने पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे कबूल केलं.

कबूल केलं, पण अंमल रखडला. पुढच्या वर्षी, ८ मे १९७४ ला, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली देशभरातला रेल्वे संप सुरू झाला. सुमारे सतरा लाख कामगार त्यात उतरले, असा आकडा दिला जातो. बोनस आणि पगाराच्या मागण्यांबरोबर इंजिनावरच्या माणसांना आठ तासांचा दिवस, ही मागणी त्यात होती. हजारो लोक तुरुंगात गेले. कितीतरी घरांना रेल्वेच्या क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आलं. वीस दिवसांनी, २७ मे रोजी, संप मागे घ्यावा लागला. आज त्या संपाची आठवण निघते ती आणीबाणीची नांदी म्हणून. राजकीय इतिहास म्हणून ते बरोबरच आहे. पण त्याच्या मुळाशी झोपेची मागणी होती, ही गोष्ट त्या मोठ्या इतिहासाखाली गाडली गेली.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. स्कायलॅबवर तिघंजण. इंजिनावर तिघंजण. दोघांचंही वेळापत्रक दुसरीकडे बसलेल्या, रात्री घरी जाऊन निजणाऱ्या माणसांनी आखलेलं. दोघांचीही तक्रार एकच. एका ठिकाणी रेडिओवरच्या एका बोलण्याने प्रश्न सुटला. दुसऱ्या ठिकाणी दोन वेळा गाड्या थांबवाव्या लागल्या आणि तरीही पूर्ण सुटला नाही. याचं कारण अमेरिका आणि भारत एवढंच नसावं. अंतराळातली माणसं बदलता येत नव्हती. थकली तरी तीच तीन होती, त्यांच्या जागी उद्या दुसरी पाठवता येणार नव्हती. फलाटावर मात्र बदली माणूस नेहमीच उभा असतो.

*

बदली माणूस उभा असला की काय होतं, याचं सगळ्यात भयंकर वर्णन आमच्याच कापूसपट्ट्यातलं आहे. तेही रेल्वे संपाच्या नव्वद वर्षं आधीचं.

रेल्वे आली तसे वऱ्हाड-खानदेशात सरकी काढायचे जिन उभे राहिले. हंगाम चार-पाच महिन्यांचा. गाड्यांच्या रांगा लागलेल्या, मुंबईचा भाव वरखाली होणारा, म्हणून जिन थांबवायचा नाही. १८८५ च्या मुंबई फॅक्टरी आयोगासमोर खानदेशातल्या जिनांबद्दल साक्ष झाली. ती देणारा कामगार नव्हता, कारखान्यांच्या व्यवस्थेतलाच माणूस होता. त्याने सांगितलं ते असं. हंगामात तीच माणसं, बाया आणि पुरुष, सलग आठ दिवस रात्रंदिवस कामावर होती. जी रात्री घरी जात ती पहाटे तीनलाच परत येऊन दारात बसत, कारण चारला दार उघडे आणि उशीर झाला तर जागा जाई. पहाटे चार ते रात्री दहा, अठरा तास. त्याबद्दल तीन-चार आणे. माणसं अगदीच गळून गेली की नवी घेतली जात. असं काम करणारी माणसं पुष्कळदा मरत.

कायदा नव्हता असं नाही. १८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा आला होता. पण तो शंभराहून कमी कामगारांच्या आणि वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागू नव्हता. हंगामी जिन त्यातून सहज निसटले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईच्या गिरण्या होत्या. खानदेशातली पहाट त्यांनी पाहिलेली नव्हती.

त्याच काळात मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. १८८४ च्या सप्टेंबरातल्या परळच्या सभांमधून तयार झालेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या काय, तर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. सूर्यास्तापर्यंत! पगारवाढीच्या आधी माणसाने रात्र मागितली. रविवारची सुट्टी १८९० च्या जूनमध्ये मिळाली. रात्र मिळाली नाही, उलट ती आणखी लांब गेली. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताला काही अर्थच उरला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत चौदा-पंधरा तास काम चालू होतं. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा यायला १९११ चा कायदा लागला. पुढे अकरा, मग दहा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस.

बारापासून नऊपर्यंत यायला सदतीस वर्षं लागली, हा आकडा लक्षात ठेवा. मला तो पुढे लागणार आहे.

*

त्याआधी पुन्हा एकदा आभाळात जायला हवं. स्कायलॅबची गोष्ट सुखान्त होती. जेव्हा ती तशी होत नाही तेव्हा काय होतं, ते १९९७ साली रशियाच्या 'मीर' स्थानकावर दिसलं.

वासिली त्सिब्लियेव आणि अलेक्सांद्र लाझुत्किन हे दोघं फेब्रुवारीत तिथे पोचले. त्याच महिन्यात स्थानकात आग लागली. मग शीतकरणाच्या नळ्या गळू लागल्या, आतलं तापमान वाढलं, प्राणवायू तयार करणारी यंत्रं रुसू लागली. दिवसा दुरुस्ती, रात्री धोक्याचे भोंगे. २५ जूनला त्सिब्लियेवला एक मालवाहू यान दूरनियंत्रणाने स्थानकाला जोडायचं होतं. ते वेगाने आलं, आवरलं नाही, आणि स्थानकाच्या एका कक्षावर आदळलं. हवा बाहेर जाऊ लागली. तो कक्ष तोडून बंद करावा लागला आणि त्याबरोबर वीज गेली. काही काळ स्थानक अंधारात, पंखेसुद्धा बंद, गरगरत राहिलं. ब्रिटनमध्ये जन्मलेला अमेरिकी अंतराळवीर मायकेल फोल तेव्हा तिथे होता. खिडकीतून ताऱ्यांसमोर अंगठा धरून त्याने स्थानक किती वेगाने फिरतंय याचा अंदाज काढला आणि त्यावरून ते सावरण्यात आलं.

जुलैच्या मध्याला त्सिब्लियेवच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्याचं जाहीर झालं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच दुरुस्तीची तयारी करताना चुकून एक केबल काढली गेली आणि स्थानक पुन्हा अंधारात गेलं. ऑगस्टमध्ये दोघं परत आले. तोवर रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी दोष 'मानवी घटका'चा आहे असं बोलून टाकलं होतं. त्सिब्लियेवने पत्रकारांसमोर उत्तर दिलं, त्याचा आशय असा की आपल्याकडे बळीचा बकरा शोधायची जुनी परंपरा आहे. पुढे ज्यांनी या अपघाताचा शांतपणे अभ्यास केला त्यांनी कारणांच्या यादीत थकवा आणि अपुरी झोप यांना जागा दिली. पण यादी नंतर येते. पहिल्या दिवशी एकच नाव येतं.

त्याच १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा एक छोटा निबंध आला. सतत सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची हाताची आणि डोळ्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी घसरते, आणि चोवीस तास जागं राहिल्यावर ०.१० टक्क्यांइतकी, असं त्यांनी दाखवलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहन चालवणाऱ्यासाठी दारूची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे अठराव्या तासाला जिनात हात घालणारी बाई आणि सोळा तास झालेला, सिग्नल विसरणारा फायरमन जवळपास त्याच अवस्थेत होते जिच्यासाठी आपण रस्त्यावर माणसाला पकडून नेतो. दारू तोंडाला येणाऱ्या वासाने कळते. झोपेला वास नाही.

आजही अंतराळातली माणसं नीट झोपत नाहीत. स्पेस शटल आणि आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या अंतराळवीरांचा एक मोठा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांची रोजची झोप सरासरी सुमारे सहा तास भरली, आणि स्थानकावरच्या दर चारांतल्या तिघांनी कधी ना कधी झोपेचं औषध घेतलं होतं. पण हे आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी ते मोजलं.

*

नांदगाव पेठ आता बदललंय. अमरावतीहून नागपूरकडे निघालं की महामार्गाच्या कडेला एमआयडीसी पसरलेली दिसते. कापडाचे कारखाने आहेत, साडेतेराशे मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. २०२४ च्या सप्टेंबरात पंतप्रधानांनी वर्ध्याहून 'पीएम मित्रा' वस्त्रोद्यान प्रकल्पाची कोनशिला बसवली, तो हजार एकरांचा प्रकल्पही इथलाच. कापूस इथे पिकतो, मग सूत आणि कापडही इथेच व्हावं, ही मागणी वऱ्हाडात फार जुनी आहे. तिचं काहीतरी होतंय याचा मलाही आनंद आहे. पोरं पुण्याला जाण्याऐवजी गावात राहताहेत.

आमच्या गल्लीतला एक मुलगा अशाच एका ठिकाणी रात्रपाळी करतो. सकाळी सातच्या पुढे त्याची गाडी येते. मग त्याची आई खिडकीवर चादर टाकते, मिक्सर लावत नाही, शेजारच्या पोरांना दामटते. तरी दिवसा झोप लागत नाही म्हणतो. मोबाइल बघत पडतो. मी त्याला विचारलं, साहेबाला सांगितलंस का? तो हसला. "काका, असं सांगते का कोणी?" स्कायलॅबच्या पहिल्या दिवशीची उलटी मला तेव्हा आठवली.

२०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत. तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास झाली आहे आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागेल. बाजूने मांडले जाणारे मुद्दे मला अगदीच पोकळ वाटत नाहीत. आठवडा तोच राहत असेल तर चार दिवस बारा तास आणि तीन दिवस सुट्टी, हे कुणाला आवडेलही. पण सदतीस वर्षांत बारावरून नऊवर आलेला आकडा एका बैठकीत परत बारावर जातो, तेव्हा इतिहास वाचणाऱ्याने निदान एक प्रश्न विचारायला हवा. आठवड्याची सरासरी जुळली, पण बाराव्या तासाला यंत्रासमोर कोण उभं असेल? राजाध्यक्ष निवाड्याच्या सरासरीत इंजिनावरच्या माणसाचं जे झालं, ते आपण विसरलो का?

आणि लेखी संमती. मामाची कॉलबुकावरची सही हीसुद्धा लेखी संमतीच होती.

माझी मागणी लहान आहे. या नव्या कारखान्यांत हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवलं की माणूस कधी आला आणि कधी गेला हे सेकंदापर्यंत कळतं. मागच्या पाळीनंतर त्याला घरी किती तास मिळाले, हा आकडा त्याच यंत्रातून निघू शकतो. तो काढावा आणि अपघाताच्या प्रत्येक अहवालात चूक करणाऱ्याच्या नावाशेजारी लिहावा. स्कायलॅबवर १९७३ साली गिब्सनच्या डोक्याला टोपी होती. आपल्याला एक रकाना पुरेल.

मामा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या दिवसांत त्याला दुपारी चांगली झोप लागायची, पण रात्री दोनच्या सुमारास तो न चुकता जागा व्हायचा आणि दाराकडे बघत पडायचा. कडी वाजली का, असं मामीला विचारायचा. मामी म्हणायची, नाही वाजली, निजा. मग तो कूस बदलायचा.